टिंब टिकलं पाहिजे: वाचनालयातल्या स्कॅनिंगच्या नोंदी

३ जून २०२४

सात नंबरचं कपाट आज पूर्ण रिकामं करून मोजदाद केली. तीन प्रकारचा ऐवज आहे.

एक, वाचनालयाचे छापील वार्षिक अहवाल. डेमी आकार, खिळ्यांची छपाई, सगळे मिळून ११४० पानं. दोन, वाचनालयाचं हस्तलिखित मासिक. १९३६ ते १९४९ मधले ३८ अंक हाती लागले, पानं साधारण २९००. फुलस्केप कागद, निळी-काळी शाई, मधूनमधून जलरंगातली चित्रं, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर संपादकाची लाल पेन्सिल. तीन, व्याख्यानमालेचे आणि जुन्या इमारतीचे ६२ कृष्णधवल फोटो, काळ्या पुठ्ठ्यावर कोपरे लावून बसवलेले.

हस्तलिखिताचा कागद फार वाईट अवस्थेत आहे. १९४३ नंतरच्या अंकांचा तर जास्तच. युद्धकाळात मिळेल तो कागद वापरलाय हे हाताला कळतं. पान उलटलं की कडेचा भुगा टेबलावर पडतो. ग्रंथपालताईंनी आज पांढरं कापड अंथरलं आणि सांगितलं, "प्रत्येक पान एकदाच उलटायचं असं धरून चाला." या कामाचा पहिला नियम हाच. पुढचे सगळे निर्णय, कुठल्या फाइल-प्रकारात साठवायचं तेसुद्धा, याच नियमाखाली येतात. दुसऱ्यांदा संधी मिळणार नाही.

फुलस्केप पान साडेआठ बाय साडेतेरा इंच. आपल्या ए४ स्कॅनरच्या काचेवर ते मावत नाही आणि शिवलेला अंक काचेवर दाबायचाही नाही. म्हणून अहवाल आणि फोटो स्कॅनरवर, मासिक स्टँडवरच्या कॅमेऱ्याने. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, लांब बाजूला ६००० पिक्सेल. पानाच्या दोन्ही टोकांना अर्धा इंच मोकळा सोडला तरी इंचाला चारशेच्या वर बिंदू मिळतात. हाताच्या अक्षराला पुरे.

संध्याकाळी पाटीवर हिशेब केला. चारशे बिंदूंनी फुलस्केप पान म्हणजे ३४०० गुणिले ५४००, एक कोटी ८३ लाख ६० हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट. एक पान ५५ एमबी. २९०० पानं सुमारे १६० जीबी. कार्यवाहांना हा आकडा मोठा वाटला. एक टीबीच्या डिस्कच्या सहाव्या हिश्श्यात सगळं मासिक बसतं हे सांगितल्यावर ते निवांत झाले. जागा वाचवण्यासाठी मूळ प्रतीची फाइल दाबून, म्हणजे आकाराने लहान करून, ठेवायची सवय फ्लॉपीच्या दिवसांतली. ती आता सोडून द्यावी.

६ जून

आज दिवसभर गेल्या वर्षीच्या पीडीएफ तपासण्यात गेला, आणि मन खट्टू झालं.

गेल्या वर्षी कार्यकारिणीने अहवाल एका बाहेरच्या ठिकाणाहून स्कॅन करून घेतले होते. ११४० पानं, एकूण ४६ एमबी. म्हणजे पानाला चाळीस केबी. पडद्यावर पाहिलं तर पान पांढरंशुभ्र आणि अक्षर काळंभोर. सगळ्यांना आवडलं होतं. मलाही आवडलं होतं.

१९३२ चा अहवाल मूळ कागदाशी शेजारी ठेवून वाचायला घेतला. कागदावर 'वाचनालयाचें नांव', 'कांहीं सभासदांनीं', 'घरीं नेण्यास'. पीडीएफमध्ये 'वाचनालयाचे नाव', 'काही सभासदांनी', 'घरी नेण्यास'. आधी वाटलं आपल्याच डोळ्यांना आजच्या लेखनाची सवय झाली म्हणून तसं दिसतंय. भिंग घेऊन पाहिलं. टिंबं नाहीत. सगळीच गेलीत असंही नाही. मथळ्यांतली मोठी टिंबं शाबूत आहेत. बारीक टाइपातली बहुतेक नाहीशी झालीत.

कारण कळायला वेळ लागला नाही. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदावरचे डाग पुसायची सोय असते. ठरावीक आकारापेक्षा लहान, एकटा पडलेला काळा ठिपका दिसला की तो धूळ समजून पुसायचा. रोमन लिपीत त्याने फार तर एखादा पूर्णविराम किंवा 'आय'वरचा ठिपका जातो. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर, कशालाच न चिकटलेला, एकटा असा ठिपका म्हणजे अनुस्वार.

आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या मराठीत हा ठिपका ओळीत पाच-सहा वेळा येतो. तो नुसता शोभेला नसतो. 'काम केलें' हे नपुंसकलिंगी एकवचन, 'लाडू केले' हे पुल्लिंगी अनेकवचन. फरक फक्त टिंबाचा. आज आपण बोलल्यासारखं लिहिताना 'केलं' लिहितो, तेव्हा डोक्यावर असतं ते हेच जुनं टिंब. ९० वर्षांपूर्वीचं पान जपतो म्हणायचं आणि त्या काळाची मराठी लिहायची रीतच त्यावरून पुसायची, याला जतन म्हणता येत नाही.

पण दुपारी याहून गंभीर गोष्ट सापडली. त्याच अहवालातला जमाखर्चाचा तक्ता. पीडीएफवरून बेरीज केली तर ८ रुपयांनी चुकते. कागदावरून केली तर बरोबर येते. कागदावर एका ठिकाणी ९ आहे, पीडीएफमध्ये तिथे १. धूळ पुसल्याने ९ चा १ होत नाही. खूप मोठं करून पाहिलं. तो १ आणि त्याच्या वरच्या ओळीतला १ पिक्सेल न् पिक्सेल सारखे. खिळ्यांच्या छपाईत दोन ठसे कधीच इतके सारखे उमटत नाहीत. शाई कमीजास्त लागतेच. मी पंचवीस वर्षं छापखान्याच्या कामात आहे, एवढं डोळ्यांना कळतं.

पीडीएफ ही चित्रांची पेटी असते. आत चित्र कुठल्या पद्धतीने दाबलंय ते वेगळं पाहावं लागतं. पीडीएफइमेजेस नावाचं छोटं साधन यादी काढून देतं. यादीत प्रत्येक पानापुढे जेबिग२ लिहिलेलं होतं.

जेबिग२ ही फक्त काळ्या-पांढऱ्या पानांसाठीची पद्धत. तिची युक्ती हुशारीची आहे: पानावरचे सुटे आकार गोळा करायचे, एकसारखे दिसणारे आकार एकदाच साठवायचे आणि बाकी ठिकाणी नुसतं 'तोच आकार इथे' असं लिहायचं. नुकसान न करता वापरली तर उत्तम. पण जास्त दाबायला लावलं तर 'जवळजवळ सारखा' म्हणजेच 'तोच' असं धरलं जातं. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीझल यांनी हेच जगापुढे आणलं होतं. एका नामांकित कंपनीच्या यंत्रावर बांधकामाचा नकाशा स्कॅन केल्यावर वेगवेगळ्या खोल्यांवर एकच क्षेत्रफळ छापून येत होतं. पान अंधुक दिसत नव्हतं, आकडे स्वच्छ होते आणि चुकीचे होते.

आपल्या लिपीपुरता एक विचार रात्री लिहून ठेवतो. शिरोरेघेमुळे मराठीत सुटा आकार म्हणजे बहुधा पूर्ण शब्द. 'घ'च्या जागी 'ध' यायला अख्खा शब्द जुळावा लागेल, त्यामुळे तो धोका कमी. शिरोरेघ कशाला नसते? आकड्यांना. आणि टिंबाला. म्हणजे जिथे संदर्भावरून चूक पकडता येत नाही, नेमका तिथेच घाव बसतो.

१० जून

कार्यकारिणीची बैठक. पीडीएफची छापील प्रत आणि मूळ अहवाल दोन्ही टेबलावर ठेवले आणि सगळ्यांना ती बेरीज करायला लावली. त्यानंतर फार बोलावं लागलं नाही. अहवाल पुन्हा स्कॅन करायचे ठरलं. सुदैवाने अहवालांचा कागद जुना असला तरी दणकट आहे, दुसऱ्यांदा उलटला तर सोसेल. मासिकाच्या बाबतीत ही चूक झाली असती तर भरून आली नसती.

अहवालांसाठी ठरलेलं: चारशे बिंदू, करड्या छटांत, डाग पुसणं बंद, 'मजकूर उठावदार करा' बंद, सगळं बंद. डेमी पान साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे पानाला साडेसात एमबी, सगळे अहवाल साडेआठ जीबी. करड्या छटा ठेवण्याचं कारण असं की काळं कुठे संपतं आणि पांढरं कुठे सुरू होतं हा निर्णय यंत्राने त्या क्षणी घेतला की तो कायमचा झाला. छटा असल्या तर तो निर्णय उद्या कोणीही, चांगल्या साधनाने, पुन्हा घेऊ शकतो.

१५ जून

आज चाचणीचं पान निवडलं. १९४१ मार्चच्या अंकातलं, पान बारा. एकाच पानावर सगळं आहे: निळ्या-काळ्या शाईतली कविता, डाव्या कोपऱ्यात जलरंगातला पळस, आणि दोन ओळींवर संपादकाची लाल पेन्सिल. एक शब्द खोडून वर बारीक लाल अक्षरांत दुसरा सुचवलाय. कॉलेजातली दोघं मुलं मदतीला आहेत, त्यांनी एकाच टिफवरून (काहीही न गमावता साठवलेल्या मूळ फाइलवरून) वेगवेगळ्या प्रकारांत प्रती काढल्या आणि आम्ही तिघं एकेक चारशे टक्के मोठी करून पाहत बसलो.

जेपेग, दर्जा ७५. पळस सुंदर दिसतो. जेपेगचा जन्मच अशा चित्रांसाठी झाला. पान आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत तोडायचं, प्रत्येक चौकटीतला रंगाचा चढउतार लाटांच्या रूपात मांडायचा आणि डोळ्याला जाणवणार नाहीत अशा बारीक लाटा सोडून द्यायच्या. मुलांना सांगितलं की यातलं लाटांचं गणित १९७४ मध्ये नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर मांडलं, आणि अहमद मूळचे बंगळूरचे. फोनमध्ये रोज उघडणाऱ्या बहुतेक फोटोंत ते गणित चालू असतं. मुलगी लगेच वहीत लिहून घेत होती.

पण शाईच्या रेघेजवळ गडबड आहे. रेघ म्हणजे काळ्यातून पांढऱ्यात एकदम उडी. अशी उडी लाटांनी मांडायला बारीक लाटाच लागतात आणि त्याच टाकून दिलेल्या. म्हणून प्रत्येक अक्षराभोवती करड्या ठिपक्यांचा धुरळा उठतो. आपल्या पानावर त्याचा अर्थ फार वाईट: कुठला ठिपका लेखकाचा आणि कुठला जेपेगचा, हे सांगता येईना.

दर्जा ९२ केला, धुरळा जवळजवळ गेला. (हा आकडा टक्के नव्हे. एका सॉफ्टवेअरचा ९० आणि दुसऱ्याचा ९० वेगळे असतात. मुलांचा यात गोंधळ झाला होता.) तरी लाल पेन्सिल मात्र अजून विटकरी, पसरलेली दिसत होती. तिच्यावर अर्धा तास गेला. कारण दर्जाच्या आकड्यात नव्हतंच. माणसाच्या डोळ्याला उजेडाचा तपशील बारीक दिसतो, रंगाचा ढोबळ. त्याचा फायदा घेऊन जेपेग साधारणपणे रंगाची माहिती उभी-आडवी निम्मी करून ठेवते, चार पिक्सेलांना मिळून एक रंग. फोटोत कळतही नाही. पण दोन-तीन पिक्सेल जाडीची लाल रेघ शेजारच्या पिवळट कागदाच्या रंगात मिसळते. ही काटछाट बंद करता येते. बंद केल्यावर फाइल थोडी वाढली आणि लाल पेन्सिल लाल झाली. खोडलेला शब्द आणि सुचवलेला शब्द दोन्ही वाचता आले.

वेबपी. मुलाचा आग्रह होता, आजकाल संकेतस्थळांवर हेच असतं म्हणून. गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार, तेवढ्याच दिसण्यात जेपेगपेक्षा लहान फाइल. पळसाच्या बाबतीत ते खरंही ठरलं. पण त्याच्या नुकसानवाल्या पद्धतीत रंगाची ती काटछाट बंद करायची सोयच नाही. दर्जा शंभरावर नेला तरी लाल पेन्सिल पसरते. आमच्या मासिकासाठी तो इथेच बाद. एव्हिफ या त्याहून नव्या प्रकारात पूर्ण रंग ठेवता येतो आणि फाइल खरंच चकित करण्याइतकी लहान होते, मात्र वाचन कक्षातल्या जुन्या संगणकावर ती उघडली नाही. ज्या वाचकांसाठी हे करतोय त्यांच्यासमोरच उघडत नसेल तर उपयोग काय?

पीएनजी. काहीही जात नाही, मूळ टिफशी पिक्सेल न् पिक्सेल जुळतं. पण आकार फारसा उतरत नाही. पीएनजी शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधते आणि फक्त चुकलेला फरक साठवते. सपाट रंगात अंदाज बरोबर येतात. हातकागदाच्या खरखरीत पोतावर प्रत्येक अंदाज थोडा चुकतो. वाचनालयाच्या बोधचिन्हाला तीच उत्तम: तीन सपाट रंग, पारदर्शक पार्श्वभूमी, फाइल काही केबींची.

जिफही करून पाहिली, मुलांना दाखवण्यापुरती. २५६ रंगांत पळसाच्या पाकळ्यांचे पट्टे पट्टे झाले. १९८७ च्या संगणकांना तेवढे रंग पुष्कळ होते. बीएमपी तर टिफइतकीच मोठी आणि बाकी सोयींत उणी.

१६ जून

रात्री विचार करून चाचणीच्या पानाचं नाव 'लाल पान' ठेवलं. पुढे कुठलाही नवा प्रकार कोणी सुचवला तर आधी हे पान त्यात उतरवायचं. लाल पेन्सिल, कवितेतल्या 'मीं'वरचं टिंब आणि पळसाची सावली तिन्ही टिकलं तरच पुढे बोलायचं.

२४ जून

फोटो सुरू केले. ६२ पैकी १८ झाले.

फोटो पिवळे आणि फिके पडलेत. स्कॅन करून छटांचा आलेख पाहिला तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या २५६ पायऱ्यांपैकी मधल्या जेमतेम ऐंशी पायऱ्याच वापरात. उरलेल्या दोन्ही बाजूंना रिकाम्या. फोटो उजळ करताना त्या ऐंशी पायऱ्या ताणून २५६ वर बसवाव्या लागतात आणि मध्ये फटी पडतात. व्याख्यात्यांच्या पांढऱ्या कोटावर आणि मागच्या भिंतीवर पायऱ्यांसारखे पट्टे दिसायला लागले.

उपाय म्हणजे स्कॅन करतानाच प्रत्येक रंगाला ८ ऐवजी १६ बिट. मग पायऱ्या ६५,५३६. फिक्या फोटोला त्यातला तिसरा हिस्सा मिळाला तरी ताणायला भरपूर उरतं. सहा बाय चार इंची फोटो सहाशे बिंदूंनी, १६ बिटांनी, ५२ एमबीला जातो. सगळे ६२ मिळून सव्वातीन जीबी. नेहमीच्या जेपेगमध्ये १६ बिट बसतच नाहीत, ती आठवरच थांबते. टिफ आणि पीएनजीत बसतात. फोटोंची मूळ प्रत म्हणून जेपेगचा विचार इथेच संपला.

फोटो काळे-पांढरे असूनही रंगीतच स्कॅन करतोय. पिवळेपणा, शाईचा डाग, मागून उमटलेला स्टुडिओचा जांभळा शिक्का हीदेखील माहितीच आहे. काळं-पांढरं नंतर कधीही करता येतं.

एका फोटोच्या मागे पेन्सिलीने 'वसंत व्याख्यानमाला, दुसरें पुष्प' असं लिहिलंय. मागची बाजूही स्कॅन करायची, यादीत घातलं.

५ जुलै

पाऊस. हवेत ओल इतकी की आज मासिकाला हात लावला नाही. ओला कागद कडांना वळतो.

या वेळात गावातल्या लोकांनी पाठवलेली चित्रं पाहिली. आपल्या घरी जुने फोटो असतील तर पाठवा असं आवाहन केलं होतं, प्रतिसाद चांगला आला. अडचण अशी की बहुतेकांनी फोनवर फोटोचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला. वाटेत तो लहान होतो आणि नव्याने दाबला जातो. दोन गटांतून फिरून आलेला १९५० च्या सुमाराचा एक गणपतीचा फोटो तर चेहरे ओळखू येऊ नयेत असा झालाय. जेपेग प्रत्येक वेळी नव्याने दाबली की आधीच्या चुकांवर नव्या चुका बसतात. सगळ्यांना पुन्हा कळवलं: पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. शक्य असेल तर मूळ फोटोच घेऊन या, इथे तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ.

एका आजींच्या नातवाने पुण्याहून पाठवलेल्या फाइल्स आपल्या संगणकावर उघडल्याच नाहीत. हाइक प्रकार. आयफोन २०१७ पासून फोटो त्यात साठवतो. टिफ करून घेतल्या, मूळही ठेवल्या.

आणखी एक. मुलांनी आडवे आलेले फोटो उभे करून तिथेच साठवले होते. जेपेग नुसती फिरवली तरी काही सॉफ्टवेअर ती उलगडून पुन्हा दाबतात. चौकटी न मोडता फिरवणारं जेपेगट्रॅन नावाचं साधन आहे, ते बसवून दिलं. रुंदी-उंची चौकटीच्या पटीत नसेल तर कडेची पट्टी नीट फिरत नाही, तेवढं पाहून घ्यायचं.

१७ जुलै, आषाढी एकादशी

वाचनालय बंद, शांतपणे बसून मूळ प्रतींचा नियम पक्का लिहून काढला.

मूळ प्रत टिफमध्येच. १९८६ मध्ये आल्डस कंपनीने स्कॅनरवाल्यांसाठी हा प्रकार काढला, १९९२ ची सहावी आवृत्ती आजही चालते. तीस वर्षांत न बदललेली गोष्ट पुढची तीस वर्षं वाचता येण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण 'टिफ' म्हटलं की काम संपत नाही. टिफसुद्धा पेटीच आहे. आत न दाबलेलं चित्र असू शकतं, एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीने दाबलेलं असू शकतं, जेपेगसुद्धा असू शकते. बाहेरून काम करून घेताना नुसतं 'टिफ द्या' म्हणाल तर आत जेपेग घालून मिळेल आणि ती तक्रार कागदावर टिकणार नाही. म्हणून शर्त पूर्ण लिहायची: न दाबलेली टिफ, कुठल्याही दाबलेल्या फाइलवरून न बनवलेली.

एलझेडडब्ल्यूने काही नुकसान होत नाही. याच पद्धतीच्या पेटंटवरून जिफचा वाद झाला होता आणि त्यातून १९९६ ला पीएनजी जन्मली. ते पेटंट २००४ पर्यंत सगळीकडे संपलं. तरी मी न दाबलेलीच निवडली, दोन कारणांनी. १६ बिटांच्या फोटोंवर एलझेडडब्ल्यू लावली तर फाइल कित्येकदा उलट मोठी होते. आणि डिस्कवर एखादा बिट बिघडला तर न दाबलेल्या चित्रात एक पिक्सेल बिघडतो. दाबलेल्यात तिथून पुढची पट्टीच्या पट्टी वाया जाते.

मात्र बिघाड झालाय हे टिफ स्वतःहून सांगत नाही. पीएनजीत प्रत्येक तुकड्याबरोबर तपासणीची बेरीज असते, टिफमध्ये नसते. म्हणून प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलमधला एक बिट बदलला तरी बदलणारा आकडा) वेगळ्या यादीत लिहायची, यादी छापून दाखल नोंदवहीत चिकटवायची. ग्रंथपालताईंना ही कल्पना फार आवडली. "म्हणजे पुस्तकांची वार्षिक पडताळणी करतो तशीच," त्या म्हणाल्या. अगदी तशीच.

३० जुलै

जेपेग २००० चा विचार केला आणि सोडला. मोठ्या ग्रंथालयांत वापरतात, त्यात नुकसान न करता साठवायची सोयही आहे, आणि चौकटीही पडत नाहीत. पण आमच्या मुलांच्या दोन्ही संगणकांवर नेहमीच्या चित्र-दर्शकात ती उघडली नाही. आम्ही पाच माणसं आहोत. उद्या यातलं कोणी नसेल तेव्हा पुढच्याला दोन वेळा क्लिक करून चित्र दिसलं पाहिजे.

वाचकांसाठी: मासिक आणि फोटो जेपेगमध्ये, दर्जा ९२, रंगाची काटछाट बंद, त्यांची अंकनिहाय पीडीएफ. अहवालांची पीडीएफ करड्या छटांतून नव्याने काळी-पांढरी करून, सहाशे बिंदूंवर नेऊन, आत फॅक्सच्या काळातली गट-४ पद्धत. ती सुटे आकार जुळवत बसत नाही. वरच्या ओळीपेक्षा खालची ओळ कुठे बदलली एवढंच लिहिते. त्यामुळे ९ चा १ होऊच शकत नाही. पान शंभर केबीच्या आत बसतं. गेल्या वर्षीच्या चाळीसपेक्षा जास्त, पण 'वाचनालयाचें' पूर्ण आहे.

१९३२ चा तक्ता नव्या पीडीएफवरून बेरजून पाहिला. जुळला.

२१ ऑगस्ट

गणेशोत्सवात मासिकाच्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन ठरलंय. फ्लेक्सवाल्याकडे गेलो. सहा बाय तीन फुटांचा फलक, त्याने सांगितलं, "तीनशे डीपीआय करून आणा," म्हणजे इंचाला तीनशे बिंदू. त्याच्या यंत्राला एवढ्या मोठ्या फलकासाठी खऱ्या आकारात बहात्तर पुरतात हे त्यालाही माहीत होतं, सवयीने बोलला. बहात्तरने ५१८४ बाय २५९२ पिक्सेल होतात, ते आपल्याकडे आहेत.

मुलगी परत येताना म्हणाली की तिने एका छोट्या चित्राचा आकडा ७२ वरून ३०० केला होता आणि काहीच सुधारलं नाही. त्या आकड्याने चित्रात एक पिक्सेलही वाढत नाही. छापताना ते किती इंचांत पसरायचं एवढीच सूचना असते. तिला समजावताना मलाही बरं वाटलं. डीटीपीच्या सुरुवातीला माझीही हीच चूक व्हायची.

मुखपृष्ठांच्या प्रती दाबून जेपेगमध्ये दिल्या. दहा फुटांवरून पाहायच्या फलकाला टिफ देणं म्हणजे पेन ड्राइव्ह भरणं फक्त.

१२ सप्टेंबर

प्रदर्शन गौरी-विसर्जनापर्यंत ठेवलं होतं. लाल पानाचा मोठा छाप मुद्दाम मध्यभागी लावला होता. ऐंशीच्या पुढचे एक काका बराच वेळ त्यासमोर उभे होते. खोडलेला शब्द आणि वरचा लाल शब्द त्यांनी मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "खोडलेलाच बरा होता." दोघा-तिघांचा तिथेच वाद सुरू झाला. ८३ वर्षांपूर्वीच्या एका दुरुस्तीवर!

मासिकाचे २९ अंक झाले, ९ उरले. उरलेले सगळे १९४३ नंतरचे, म्हणजे सगळ्यात नाजूक. ते पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत.

२० सप्टेंबर

पहिली पडताळणी. दोन डिस्क, एक वाचनालयात, एक कार्यवाहांच्या घरी. दोन्हींवरच्या सगळ्या फाइल्सच्या बेरजा यादीशी लावून पाहिल्या. घरच्या डिस्कवरची एक फाइल जुळली नाही: १९३९ ऑगस्ट, पान चार. चित्र उघडतं, पाहून काहीच कळत नाही. दोन्ही प्रतींची वजाबाकी केल्यावर उजव्या समासात एका पिक्सेलचा रंग वेगळा निघाला. वाचनालयातल्या डिस्कवरून ती फाइल नव्याने उतरवली, बेरीज पुन्हा घेतली, जुळली. नोंदवहीत तारीख घालून सही केली, ताईंनीही केली.

ऑक्टोबरसाठी आणायचं: पांढरं कापड आणखी एक, मऊ ब्रश, कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी. १९४४ जानेवारीचा अंक आधी.